ताईंची वाचणारी बोटं

सोमवार, ३ नोव्हेंबर

सदतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढली. पेशंटच्या नोंदी लिहून हात दुखायचे, पण स्वतःसाठी कधी वही घातली नाही. ही वहीसुद्धा माझ्यासाठी नाही. ताईंच्या बोटांसाठी आहे.

निवृत्त झाल्यावर घरी बसून ह्यांच्या शब्दकोड्यात नाक खुपसण्यापेक्षा बरं, म्हणून ऑगस्टमध्ये मी ब्रेल छापखान्यात लागले. इथे कागदावर शाई नसते, टोचून वर आलेले ठिपके असतात. ज्यांना दिसत नाही ते बोटांनी वाचतात. छापलेलं पान तपासायला जोडी लागते. ताईंना दिसत नाही. त्या ठिपक्यांवरून बोट सरकवत एकेक ओळ मोठ्याने वाचतात. मी समोर बसून नेहमीच्या छापील पुस्तकात तीच ओळ बघते. जुळली की ‘बरोबर’ म्हणायचं, नाही जुळली की ‘चूक’. आमचे हे म्हणतात, “जन्मभर मला चूक म्हणालीस, आता बरोबर म्हणायची नोकरी धरलीस.”

मी साठीची, त्या चव्वेचाळिसाच्या, तरी सगळा छापखाना त्यांना ताई म्हणतो म्हणून मीही म्हणते. मला सगळे सिस्टर म्हणतात.

ताईंना लहानपणापासून इसब आहे. डॉक्टर एक्झिमा म्हणतात. कोपरांच्या लवणीत, गुडघ्यांमागे, मानेवर. हातांना मात्र कधी नव्हतं. सप्टेंबरपासून ते बोटांवर उतरलंय. तर्जन्यांची टोकं लाल, कोरडी, चिरलेली. चीर उघडली की पानावर रक्ताचा ठिपका उमटतो.

आज साहेबांनी दोघींना बोलावलं. माणूस वाईट नाही, पण घड्याळाकडे बघत बोलतो. शाळेचं विज्ञानाचं पुस्तक ब्रेलमध्ये सहा खंडांचं होतंय आणि ते वर्षअखेर मुलांच्या हातात पडायला हवं. १९ डिसेंबरपर्यंत ताईंची बोटं पहिल्यासारखी वाचू लागली नाहीत तर उरलेलं काम दुसऱ्या छापखान्याकडे जाईल आणि ताई टेलिफोनवर बसतील. कायमच्या.

बाहेर आल्यावर ताई कप विसळत म्हणाल्या, “डोळे गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते, काय गेलं ते कळलंही नाही. बोटं गेली तर चांगलं कळेल.” आणि मला विचारलं, साखर किती?

डॉक्टरीणबाईंनी त्यांना रोजची नोंद ठेवायला सांगितली आहे. काय खाल्लं, काय नेसलं, कशाला हात लावला. ती त्या एका जाड कार्डावर ब्रेलमध्ये ठेवतात. मी माझी वेगळी ठेवणार, त्यांना न सांगता. थिएटरमध्ये एक कापसाचा बोळा कमी भरला तरी मी सापडेपर्यंत कुणाला हलू दिलं नाही. हा चोर किती दिवस लपतो ते बघतेच.

आज : हवा कोरडी. ताईंनी जेवणात टोमॅटो खाल्ला नाही. टेबल, पान ठेवायची पाटी, खुर्चीचे हात मी रोजच्यासारखे आल्याआल्या लिंबाच्या वासाच्या जंतुनाशकाने पुसून घेतले. स्वच्छतेत तरी कसर नको.

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज ताईंच्या घरी गेले. दोन खोल्या, आई आणि एक बोका. बोका भला थोरला, पिवळा, सोफ्याचा मालक असल्यासारखा पसरलेला. मला मांजरं चालत नाहीत. केस, पंजे, शिवाय कुठे कुठे फिरून येतात. पण ताई बसल्या की तो पायांवर येऊन पडतो आणि त्या पायाच्या अंगठ्याने त्याचं पोट चोळतात. हात लावत नाहीत, हातांना मलम असतं.

त्यांची शिस्त बघून मी गप्प झाले. मी, जिने भल्याभल्या सर्जनना पुन्हा हात धुवायला पाठवलं. अंघोळ कोमट पाण्याने, घड्याळ लावून. अंग चोळायचं नाही, टिपायचं. ओल आहे तोवर मलम, डबा न्हाणीघरातच. कपडे दोनदा खळबळायचे. नखं दर तिसऱ्या दिवशी कापायची. खाज सुटली की खाजवायचं नाही, त्या जागी तळवा दाबून धरायचा आणि मनात एक कविता पूर्ण म्हणायची. “लांब कविता पाठ असलेल्या बऱ्या,” त्या म्हणाल्या.

संशयितांची तपासणीही तशीच. एका वेळी एकच गोष्ट बंद, दहा दिवस. फरक पडला तर ती दोषी, नाही पडला तर कार्डावरचे तिचे ठिपके लाकडी दाबणीने सपाट करायचे आणि पुढे कारण लिहायचं. दूध सपाट. टोमॅटो सपाट. कपड्यांची पावडर सपाट. आता लोकर चालू आहे.

आई म्हणाल्या, “चार जण भेटले की चौदा उपाय सांगतात. कुणी म्हणतं कडू खा, कुणी म्हणतं उन्हात बस.”

“आणि सगळे म्हणतात खाजवू नकोस,” ताई म्हणाल्या. “जसं काही मला सुचलंच नव्हतं.”

सोमवार, १० नोव्हेंबर

मोठा शोध लागलाय. मी मागच्या सगळ्या आठवड्यांचं आठवून आठवून लिहून काढलं. ताईंची बोटं सोमवारी बरी असतात आणि शुक्रवारपर्यंत बिघडतात. म्हणजे कामाचा ताण. दुसरं काय असणार? साहेब दर बुधवारी येऊन ‘किती पानं झाली?’ विचारतात.

ह्यांना सांगितलं. हे शब्दकोड्यातून मान वर न करता म्हणाले, “तू कधी लागलीस तिथे? ऑगस्टमध्ये ना?”

मी म्हटलं, हो, त्याचं काय?

“काही नाही. सात अक्षरी शब्द शोधतोय,” म्हणाले. ह्यांच्याशी गंभीर बोलायची सोय नाही.

आज : टेबल दोनदा पुसलं, कारण चीर पडलेल्या बोटाला जंतू लागले तर संपलंच. ताईंनी तर्जनी सोडून मधल्या बोटाने वाचायला सुरुवात केली आहे. वेग निम्मा झालाय, पण आवाजात फरक नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज मन खट्टू झालं.

ताई सकाळी मलमावर घातलेले सुती हातमोजे काढता काढता थांबल्या. “सिस्टर, टेबलाला रोज काय लावता? लिंबाचा वास येतो.”

सांगितलं.

“थोडे दिवस बंद ठेवू या का? लोकरीत काही निघालं नाही. आता टेबल बघते.”

मी ‘बरं’ म्हटलं. पण लागलं मनाला. सदतीस वर्षांत माझ्या थिएटरमधून एकही पेशंट जखम चिघळून परत आला नाही, असं आमचे मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले होते. आणि इथे मी पुसलेल्या टेबलावर संशय. डॉक्टरीणबाईंच्या कागदावर मी स्वतः वाचलंय, धुळीनेही इसब उठतं. टेबल पुसलं नाही तर धूळ जाणार कुठे?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मार्ग निघाला. आमच्या जुन्या इस्पितळाच्या भांडारात माझी मैत्रीण आहे. तिच्याकडून थिएटरचं जंतुनाशक आणलं. ना वास, ना रंग, पाण्यासारखं पाणी. ताईंना त्रास झाला असेल तर तो वासाचा. वासच नाही म्हटल्यावर प्रश्न मिटला. मी अर्धा तास आधी येते, सगळं पुसून वाळू देते, खिडकी उघडते. कुणाला पत्ता नाही.

ताईंनी विचारलं, “टेबलाला आता काही लावत नाही ना?”

मी म्हटलं, “नाही.”

आता हे खोटं झालं का, तर म्हटलं तर झालं. पण पेशंटला सगळंच सांगत बसलं तर कुणी टेबलावर झोपायलाच तयार होत नाही. त्यांच्याच भल्यासाठी आहे.

सोमवार, २४ नोव्हेंबर

गुरुवार, शुक्रवार सर्दीने अंथरुणात होते. आज गेले तर ताई तर्जनीने वाचत होत्या. दोन पानं सलग. चिरा मिटल्यात, लाली उतरलीय. मला इतका आनंद झाला की ‘बरोबर’ऐवजी ‘वा’ म्हणाले आणि ताई दचकून थांबल्या.

“या चार दिवसांत काय बदललं ते शोधायला हवं,” त्या म्हणाल्या. “टेबल तर मंगळवारी सपाट केलं. तुम्ही काही लावत नाही आणि तरी बुधवारपर्यंत बोटं बिघडतच होती. जेवण तेच, कपडे तेच.” मग जरा वेळाने हळू म्हणाल्या, “बोका नव्हता. गुरुवारपासून जनावरांच्या दवाखान्यात आहे, पायाला गळू झालंय. उद्या घरी येईल.”

“बोकाच,” मी म्हटलं. “मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं.”

त्यांनी पुढची ओळ वाचायला घेतली.

आज संध्याकाळी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. पाठीवर वीस छोट्या पट्ट्या चिकटवल्यात, प्रत्येकीखाली एकेक पदार्थ. कशावर कातडी उठते ते बघायचं. डॉक्टरीणबाई परगावी जाणार आहेत, त्यामुळे शेवटची तपासणी त्यांची सहायक करणार आणि अहवाल डॉक्टरीणबाईंची सही झाल्यावर टपालाने येणार.

आज : चार दिवसांची धूळ साचली होती. ताई जेवायला बाहेर गेल्यावर सगळं नीट, कानाकोपऱ्यासकट पुसलं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

इतकं वाईट अजून झालं नव्हतं. तर्जन्या, मधली बोटं, अनामिका, सगळ्यांना चिरा. करंगळीने वाचायला बघितलं, तिला ठिपके कळत नाहीत. साहेब येऊन नुसते उभे राहिले आणि घड्याळाकडेही न बघता गेले. ते जास्त लागलं.

जेवणाच्या सुट्टीत हात धुवून आले तर ताई पानावर ओणव्या होऊन पडलेल्या. मला वाटलं रडताहेत. जवळ गेले तर चेहरा हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकत होता. खालचा ओठ ओळीवर टेकवून त्या वाचत होत्या.

मी तिथेच उभी राहिले. माणसाचे हात, पाय, पोट, काळीज, सगळं उघडलेलं मी पाहिलंय. असं काही पाहिलं नव्हतं.

त्या उठल्या, ओठ पुसला आणि म्हणाल्या, “सिस्टर, तुम्ही आहात ना? सकाळच्या या पानात अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या ओळीला तुम्ही बरोबर म्हणालात. मला शंका होती. इथे पुन्हा धमनीच छापलंय, शीर हवं. पुस्तकात बघा.”

पुस्तकात बघितलं. शीर होतं. माझं चुकलं होतं, माझं लक्ष त्यांच्या बोटांकडे होतं.

“मुलं परीक्षेत तेच लिहितील,” ताई म्हणाल्या. “त्यांच्याकडे दुसरं पुस्तक नाही, ताडून बघायला.” रागाने नाही म्हणाल्या. नुसतं सांगितलं.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

सोमवार, १ डिसेंबर

बोका गेला. पुस्तकांची बांधणी करणारे काका आहेत छापखान्यात, ते रविवारी येऊन त्याला टोपलीतून घेऊन गेले. नऊ वर्षं होता तो ताईंकडे. आई सांगत होत्या, टोपलीचं झाकण लावताना ताईंनी सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच हातमोजा काढून त्याच्या डोक्यावर हात फिरवला. “आता बोटांना काय व्हायचं ते होऊ दे,” म्हणाल्या.

मी ताईंना म्हटलं, हिंमत लागते. मनापासून म्हटलं. त्या म्हणाल्या, “हिंमत कसली? कार्डावर दुसरं काही उरलंच नाही.”

आज : टेबल पुसलं. बोक्याचे केस ताईंच्या कपड्यांवर अजून असणार, म्हणून खुर्चीही पुसली.

गुरुवार, ४ डिसेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिणार आहे.

दुपारी टपालाने पाकीट आलं. ताईंनी ते माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, “वाचा.” आमची नेहमीची जागा, नेहमीचं टेबल. फक्त आज वाचायची पाळी माझी होती.

छापील तक्ता. डावीकडे पदार्थ, उजवीकडे निकाल. मी वाचायला लागले. निकेल, नाही. लोकरीतली चरबी, नाही. अत्तरातले सुगंध, नाही. अशा सहा ओळी ओळीने ‘नाही’ वाचल्या आणि सातवीवर माझी नजर पडली.

त्या औषधाचं नाव मी झोपेतही ओळखेन. सदतीस वर्षं ते बाटलीवर वाचलंय. पुढे कंसात लिहिलं होतं, रुग्णालयात टेबलं व फरशा पुसण्याची जंतुनाशकं. आणि निकाल : तीव्र.

“थांबलात का?” ताई म्हणाल्या. “ओळ सुटली का?”

“नाही. आहे.”

“मग वाचा.”

आठवी ओळ रबराची होती. नाही. ती मी डोळ्यांनी वाचूनही काढली होती. सहावीनंतर सरळ आठवी म्हटली असती तर ताईंना कधीच कळलं नसतं. कागद शाईचा आहे आणि त्यांना तो वाचून दाखवणारी मी. उद्यापासून गुपचूप पुसणं बंद केलं असतं, बोटं बरी झाली असती आणि बोका गेल्याने गुण आला असंच सगळ्यांनी धरलं असतं. हे सगळं मला एका श्वासात सुचलं. इतकं पटकन सुचलं याची मला शरम वाटते.

मी सातवी वाचली. औषधाचं नाव, कंस, तीव्र.

ताईंनी कपाळाला आठी घातली. “हे माझ्या हाताला कुठे लागणार? मी तर इस्पितळात जातही नाही.”

“टेबलावर,” मी म्हटलं. “मी लावते. रोज, तुम्ही यायच्या आधी. पाटीला, दाबणीला, खुर्चीला. वास न येणारं आणलं होतं.”

“कधीपासून?”

“ऑगस्टपासून. लिंबाच्या वासाच्यातही हेच असतं. मध्ये फक्त बाटली बदलली.”

“मी विचारलं होतं.”

“हो.”

“तुम्ही नाही म्हणालात.”

“हो.”

बाहेर छपाईचं यंत्र चालू होतं. मग त्यांनी दोन्ही हात टेबलावरून उचलून मांडीवर घेतले.

“बोका गेला, सिस्टर,” त्या म्हणाल्या.

त्यांनी हातमोजे चढवले आणि उरलेल्या तेरा ओळी वाचायला सांगितल्या. मी वाचल्या. सगळ्या ‘नाही’ होत्या.

शुक्रवार, ५ डिसेंबर

पहाटेच छापखाना गाठला. टेबल, पाटी, दाबणी, खुर्ची, दाराची कडी, टेलिफोन, सगळं साध्या पाण्याने धुतलं, पुन्हा धुतलं, पुन्हा धुतलं. बाटली मैत्रिणीला परत केली. मग साहेबांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं आणि राजीनामा ठेवला. मी कुणाचं नुकसान केलं असेल असं माझ्या मनातही कधी आलं नव्हतं. आणि केलं ते नेमकं मला सर्वांत जास्त मान वाटणाऱ्या बाईचं.

साहेबांनी ताईंना बोलावलं. दुसरी जोडीदार बघू का, विचारलं.

ताईंना निर्णयाला वेळ लागला नाही. “मला यांचा राग आलाय,” त्या म्हणाल्या. “तो काही दिवस राहील. पण काल यांनी सातवी ओळ वाचली. गाळता आली असती. जोडीला मला याच हव्यात.”

साहेबांनी राजीनामा खणात टाकला आणि पहिल्यांदाच घड्याळाऐवजी माझ्याकडे बघितलं.

मंगळवार, ९ डिसेंबर

चार दिवस ताई कामापुरतंच बोलल्या. चहाही वेगवेगळा. मी रोज सकाळी त्या आल्या की सांगते, “टेबल साध्या पाण्याने पुसलंय, वाळलंय.” त्या मोजे न काढता आधी पाटीवर वाकून वास घेतात, मग बसतात. बिनवासाचं त्यात कळणार नाही, तरी घ्यावाच. मी ते बघत उभी राहते.

आज जेवणानंतर त्यांनी ते जाड कार्ड माझ्यासमोर ठेवलं. “ऑक्टोबरपासून लिपी शिकताय ना? डोळे मिटून वाचा.”

माझं बोट अजून अडाणी आहे. एकेका अक्षरावर मुक्काम. सपाट केलेले ठिपकेही पूर्ण जात नाहीत, खाली जरा खरखर राहते. दूध. पुढे : दहा दिवस बंद, फरक नाही. टोमॅटो. दहा दिवस बंद, फरक नाही. पावडर, लोकर, तेच. प्रत्येकापुढे तारखा होत्या, कितव्या दिवशी काय झालं ते होतं.

मग टेबल. त्याच्यापुढे तारीख नव्हती, दिवस नव्हते. पाच मिनिटं बोट फिरवल्यावर मला ते लागलं. तीनच शब्द होते.

सिस्टर म्हणाल्या, नाही.

बाकी सगळ्यांची त्यांनी दहा दहा दिवस परीक्षा घेतली होती. माझी घेतली नव्हती. मी डोळे मिटलेलेच ठेवले, कारण उघडले असते तर पाणी कार्डावर पडलं असतं.

“कळलं वाचून?” ताईंनी विचारलं.

“कळलं,” मी म्हटलं.

“मग आता चहा टाका. दोघींचा.”

शनिवार, १३ डिसेंबर

बोका आणायला मी गेले. कुणी सांगितलं नव्हतं. बांधणीच्या काकांकडे तो कागदाच्या गठ्ठ्यावर ठाण मांडून बसला होता. काका म्हणाले, “न्या बाई, याने माझं ऐकणं पहिल्या दिवशीच बंद केलं.” टोपलीत घालताना त्याने माझ्या मनगटापासून कोपरापर्यंत तीन ओरखडे काढले. रस्ताभर ओरडत होता. रस्त्यातले लोक मला मांजरचोर समजून बघत होते आणि मी त्याला म्हणत होते, ओरड बाबा, तुझा हक्क आहे.

ताईंनी दार उघडलं. मी काही बोलायच्या आत टोपलीतून आवाज आला आणि त्या तिथेच उंबऱ्यात खाली बसल्या. त्यांना रडताना मी आजवर पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.

मग माझा हात चाचपडताना ओरखडे सापडले, तेव्हा स्वतःचा मलमाचा डबा घेऊन आल्या. “टिपायचं,” म्हणाल्या, “चोळायचं नाही.”

घरी हे म्हणाले, “सात अक्षरी शब्द मी शोधतच नव्हतो. तू कधी लागलीस विचारलं, तेव्हा मला वाटलं होतं तुला त्याच दिवशी कळेल.” मी म्हटलं, सरळ सांगायला काय झालं होतं? म्हणाले, “तुझ्या स्वच्छतेबद्दल? तुला?”

सोमवार, २२ डिसेंबर

शुक्रवारी साहेबांनी परीक्षा घेतली. पाचव्या खंडाचं कुठलंही पान, दोन्ही तर्जन्यांनी, पूर्वीच्या वेगाने. ताईंनी एक नाही, अकरा पानं वाचली. एकदाही अडल्या नाहीत, कागदावर एकही डाग नाही. मीच मागे पडत होते. साहेब म्हणाले, “टेलिफोनवर दुसरं कुणी बघतो,” आणि घाईने निघून गेले. डोळे पुसायला गेले असावेत, पण तसं ते कबूल करणार नाहीत.

इसब गेलेलं नाही. कोपरांना आज खाज होती, कविता अर्धी झाली होती म्हणे. ताई म्हणतात, ते घरचंच आहे, त्याला सांभाळून घ्यायचं. फक्त कामावर त्याला यायला मनाई.

आज सहावा खंड सुरू केला. मी लवकर गेले, साधं पाणी, सुती फडकं. सगळं वाळल्यावर खुर्ची ओढून बसले. ताई आल्या, काठी कोपऱ्यात टेकवली, हातमोजे काढून पिशवीत ठेवले. रोजच्यासारखं मी सांगायला सुरुवात केली, “टेबल साध्या...”

त्या वाकल्या नाहीत. वास घेतला नाही. माझं वाक्य पुरं व्हायच्या आधीच त्यांनी दहाही बोटं टेबलावर ठेवली होती आणि पहिल्या ओळीची सुरुवात शोधत होत्या.